पापुद्रा जुना, वळकटी नवी : तुर्की सिगारा बोरेयीचा इतिहास

सिगारा बोरेयी हा तुर्कस्तानातला तळणीचा पदार्थ. पिठाच्या पातळ, अर्धवट भाजलेल्या पापुद्र्याचे त्रिकोण कापायचे, रुंद बाजूला खारवलेल्या पांढऱ्या चीजचे आणि पार्स्लीचे सारण ठेवायचे, कडा आत दुमडून बोटाएवढी घट्ट वळकटी करायची आणि तेलात सोनेरी तळायची, एवढीच त्याची कृती. सुट्टीच्या दिवशीची रेंगाळलेली न्याहारी असो, रमजानातला इफ्तार असो की दुपारचा चहा, हा पदार्थ चालतोच. उपाहारगृहात थंड पदार्थ संपून मुख्य जेवण यायच्या आधी जी गरम बशी येते, तिच्यातही बहुधा याच वळकट्या असतात.

बोरेक (जोडनावात ‘बोरेयी’) हे मात्र एका पदार्थाचे नाव नव्हे, ते एका मोठ्या कुळाचे नाव आहे. थराथरांचा, ताटात भाजून चौकोनी तुकडे केलेला बोरेक वेगळा आणि हाताएवढ्या लांब गुंडाळ्यांचा ‘कोल बोरेयी’ वेगळा. ‘सु बोरेयी’साठी लाटलेले पापुद्रे आधी उकळत्या पाण्यातून काढतात, गार पाण्यात बुडवतात, मग लोणी लावून थर रचतात, या कुळातला हा सर्वांत कष्टाचा सदस्य. गुलाबासारखा गुंडाळलेला ‘ग्युल’, ताइताच्या आकाराचा त्रिकोणी ‘मुस्का’, पास्तिर्मा नावाचे मसाला लावून वाळवलेले मांस घातलेला ‘पाचांगा’, क्रिमियातून आलेल्या तातारांनी एस्किशेहिर शहरात रुजवलेला, कच्च्या खिम्याचा ‘ची बोरेक’, असे हे गोत पसरलेले आहे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचा ‘लाझ बोरेयी’ तर चक्क गोड असतो. या सगळ्यांत सिगारा बोरेयी अंगाने सर्वांत लहान आणि घरी करायला सर्वांत सोपा. पण ही सोपेपणाची कीर्ती थोडी फसवी आहे. त्यातले अवघड काम पापुद्रा लाटण्याचे, आणि शहरातल्या घरांपुरते ते बहुधा आधीच दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेले असते. त्यामुळे या पदार्थाचा इतिहास दोन तुकड्यांत सांगावा लागतो. पापुद्र्याचा इतिहास हजार वर्षांच्या मागे जातो. वळकटीला आज ज्या नावाने ओळखतात, ते नाव फार तर पावणेदोनशे वर्षांत बसते.

पापुद्र्याला तुर्कीत युफ्का म्हणतात. अकराव्या शतकात, १०७०च्या दशकात, महमूद अल-काशगरी या विद्वानाने बगदादमध्ये तुर्की बोलींचा एक मोठा अरबी शब्दकोश रचला. अरबांना तुर्की शिकता यावी हा त्याचा हेतू होता; पण शब्दांचे अर्थ देता देता त्याने मध्य आशियातल्या तुर्कांचे खाणेपिणे, म्हणी, औषधे, खेळ यांचीही नोंद करून ठेवली. युफ्क्याचे जुने रूप या कोशात आहे आणि त्याच्याबरोबर घडीच्या पातळ पोळ्यांची नावेही आहेत. या ग्रंथाची आज एकच हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. १२६६ साली नक्कल केलेली ती प्रत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अली एमिरी या ग्रंथसंग्राहकाच्या हाती इस्तंबुलमध्ये लागली. ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात तशीच पडून राहिली असती, तर युफ्क्याच्या इतिहासातला सर्वांत भक्कम पुरावा हाताशी नसता.

भटक्या पशुपालकांनी पातळ पोळीच का पत्करली, याचे उत्तर त्यांच्या सामानात आहे. तंबू उपटून दर काही आठवड्यांनी नव्या कुरणाकडे निघणाऱ्या माणसांना मातीची भट्टी बरोबर नेता येत नाही. लोखंडी तवा नेता येतो. तुर्की ‘साज’ हा मधोमध फुगीर असलेला, तीन दगडांवर उपडा ठेवायचा तवा आहे. खानदेशात मांडे भाजण्याचे उलटे खापर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो लगेच ओळखू येईल. अशा तव्यावर जाड भाकर आतून कच्ची राहते, पातळ पोळी मात्र क्षणात होते आणि सरपण कमी लागते. वृक्षहीन गवताळ मुलखात, जिथे वाळलेले शेणच जळण, तिथे ही बचत लहान नव्हती. फुगीर रोटीची हौस भागवायची तर पातळ पोळ्या एकावर एक रचायच्या, हा त्यावरचा उपाय. चार्ल्स पेरी या अमेरिकन खाद्येतिहासकाराने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात बक्लावा हा थरांचा गोड पदार्थ आणि बोरेक यांचे मूळ भटक्या तुर्कांच्या याच थरांच्या आवडीत शोधले. अझरबैजानातल्या बाकूमध्ये आजही होणारा जाडसर थरांचा बक्लावा हा मधला दुवा, असे त्याचे म्हणणे.

याला प्रतिवाद आहे आणि तोही पोकळ नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक कातो याने शेतीवरच्या पुस्तकात ‘प्लासेंटा’ची कृती दिली आहे. पिठाच्या पातळ चकत्या, त्यांच्या मधे मेंढीच्या दुधाचे ताजे चीज आणि मध, असा तो भाजलेला पदार्थ. स्पेरोस व्रायोनिस या इतिहासकाराने बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, लोकांच्या खाद्यपदार्थांतून तुर्की थरांचे पदार्थ उगवले असावेत, अशी मांडणी केली. पेरीने ती खोडून काढण्याचा प्रयत्न केला. या वादात स्वयंपाकापेक्षा राष्ट्राभिमान जास्त शिजतो. दोन्ही बाजूंचे पुरावे शेजारी ठेवले तर एक गोष्ट दिसते : पिठाच्या थरांत चीज घालण्याची चाल भूमध्य समुद्राच्या काठी फार जुनी आहे, तर कागदासारखा पातळ, मोठा पापुद्रा लांब काठीने लाटण्याचे कसब पूर्वेकडून आलेले आहे. १०७१ साली मालाझगिर्तच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राटाचा पराभव केला आणि अनातोलियाचे दार तुर्की टोळ्यांना उघडले. त्यानंतर या दोन परंपरा एकाच मुलखात, एकाच बाजारात, कित्येकदा एकाच घरात आल्या. सिगारा बोरेयीत युफ्का गवताळ मुलखातल्या भटक्यांचा आहे. त्यात भरलेल्या चीजला मात्र दोन्हीकडचे वाडवडील आहेत.

अनातोलियाच्या खेड्यांत युफ्का हा पदार्थापेक्षा साठवणीचा माल होता, अजूनही काही ठिकाणी आहे. शरद ऋतूत, पेरण्या आटोपल्या की शेजारच्या बायका एका घरी जमतात. एक कणीक मळते आणि तिचे गोळे करते, दुसऱ्या जमिनीवर बुटक्या पाटासमोर बसून ‘ओक्लावा’ने लाटतात, तिसरी साजपाशी बसून चपट्या लाकडी पट्टीने पोळी उलटते. ओक्लावा म्हणजे अंगठ्यापेक्षा फारशी जाड नसलेली, हातभराहून लांब सरळ काठी. पोळी तिच्यावर गुंडाळून, तळवे मधून कडांकडे सरकवत लाटतात. त्यामुळे ती न फाटता पसरत जाते. पुरते भाजून कोरडे केलेले युफ्के ढिगाऱ्याने रचून ठेवले की महिनोन्महिने टिकतात. जेवणाच्या आधी त्यांच्यावर पाणी शिंपडून कापडात गुंडाळले की ते पुन्हा मऊ होतात. दिवसभराच्या कामाची परतफेड पैशाने होत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी पुढच्या घरी जातात. २०१६ साली युनेस्कोने अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांची पातळ पोळी करण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत एकत्र नोंदवली. त्या नोंदीच्या नावातच लवाश नावाच्या पोळीच्या बरोबरीने युफ्का आहे.

शहरातला युफ्का निराळा. १४५३ साली ऑटोमन सुलतान मेहमेद दुसरा याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि पुढच्या शंभर वर्षांत ते युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक बनले. टोपकापी राजवाड्यातल्या स्वयंपाकघरांत शेकडो आचारी राबत. १५७४च्या आगीनंतर वास्तुकार सिनानने पुन्हा उभारलेली त्यांची घुमट आणि धुराड्यांची रांग आजही समुद्रावरून दिसते. मात्र बोरेक राजवाड्यात बंद राहिला नाही. शहरातल्या साध्या घरांत स्वतःची भट्टी क्वचित असे. घरी रचलेले ताट गल्लीतल्या ‘फिरिन’वर, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीवर पाठवून भाजून आणायचे किंवा तयार बोरेक दुकानातून घ्यायचा, हे दोन मार्ग होते. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी याने सुलतान मुराद चौथा याच्यासमोरून निघालेल्या इस्तंबुलच्या कारागिरांच्या मिरवणुकीचे लांबलचक वर्णन केले आहे. त्यात खाटीक, पाववाले, हलवाई यांच्याबरोबर बोरेक करणाऱ्यांचा संघही येतो. एव्लियाचे आकडे मोठ्या मनाने वाचावे लागतात, कारण त्याला गोष्ट फुगवायला आवडे. पण बोरेकचीचा धंदा तेव्हा स्वतंत्र आणि संघटित होता, एवढे त्यातून नक्की कळते.

याच शहरी जगात ‘युफ्काजी’चे दुकान उभे राहिले. हा दुकानदार बोरेक विकत नाही, फक्त पापुद्रे विकतो. त्याचे युफ्के मोठ्या साजवर जेमतेम शेकलेले असतात. त्यांच्यावर तपकिरी ठिपके उमटतात, पण अंगात ओलावा राहतो आणि ते रुमालासारखे घडी करून कागदात बांधता येतात. सुमारे साठ सेंटिमीटर व्यासाचे असे साधारण तीन युफ्के अर्ध्या किलोत बसतात. हा अर्धवट भाजलेला युफ्का एक-दोन दिवसांत वापरावा लागतो, म्हणून त्याचे दुकान गल्लीतच हवे. खेड्यातल्या स्त्रीला जे कौशल्य आईकडून, सासूकडून मिळत होते, ते शहरातल्या स्त्रीला आता वजनावर विकत मिळू लागले. या एका व्यवहाराने घरच्या बोरेकचा पुढचा सगळा इतिहास ठरवला. लाटणे बाहेर गेले आणि घरी उरले सारण, घडी आणि आच. जे उरले त्याचाच विस्तार झाला. नवनवे आकार, नवनवी सारणे ही शहरातल्या घरांची निर्मिती आहे.

छापील पाककृतींनीही याला हातभार लावला. मेहमेद कामिल या वैद्यकीय शाळेतल्या शिक्षकाने १८४४ साली इस्तंबुलमध्ये ‘मेल्जेउत्-तब्बाहीन’, म्हणजे ‘आचाऱ्यांचे आश्रयस्थान’, हे पुस्तक छापले. ऑटोमन तुर्कीतले हे पहिले छापील पाकशास्त्र. वैद्यकाच्या शिक्षकाने ते लिहावे हा योगायोग नाही. अन्न आणि प्रकृती यांचा संबंध तेव्हाच्या वैद्यकात गृहीतच होता. तुराबी एफेंदी नावाच्या लेखकाने १८६०च्या दशकात लंडनमध्ये तुर्की पाककृतींचे इंग्रजी पुस्तक काढले आणि बोरेक पश्चिमेच्या वाचकांपर्यंत पोहोचवला. १८८०च्या दशकाच्या आरंभी आयशे फाह्रिये या लेखिकेचे ‘एव कादिनी’, म्हणजे ‘गृहिणी’, प्रसिद्ध झाले. आता पुस्तकाची वाचक उघडपणे घर चालवणारी स्त्री होती. ऑटोमन साम्राज्य जाऊन आलेल्या तुर्की प्रजासत्ताकाच्या काळात, १९२८च्या लिपिबदलानंतर, लॅटिन अक्षरांत नवी पाकपुस्तके निघाली. मुलींच्या गृहविज्ञान संस्थांत ओट्यावर उभे राहून, मोजमाप घेऊन स्वयंपाक शिकवला जाऊ लागला. बोरेकच्या कृतीत ‘मावेल तितके पीठ’ जाऊन ग्रॅम आले ते असे.

आता वळकटी. तिच्या नावातला ‘सिगारा’ म्हणजे सिगारेट, म्हणून आधी तंबाखूची गोष्ट. तंबाखू ऑटोमन मुलखात आली ती १६००च्या सुमारास. इतिहासकार इब्राहिम पेचेवी याने ती इंग्रजांनी आणल्याचे लिहून ठेवले आहे आणि तिच्या धुराबद्दलची नाराजीही लपवलेली नाही. १६३३ साली इस्तंबुलमध्ये भयंकर आग लागली, त्यानंतर मुराद चौथ्याने कॉफीखाने बंद केले आणि तंबाखूवर बंदी आणली. ओढणाऱ्यांना देहदंडही झाले. बंदी टिकली नाही. पण पुढची दोन शतके ऑटोमन तंबाखू म्हणजे लांब दांड्याची चिलीम किंवा हुक्का. कागदात गुंडाळलेली सिगारेट सर्वत्र पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, क्रिमियाच्या युद्धाच्या (१८५३-५६) सुमारास. छावण्यांत तुर्क, फ्रेंच आणि ब्रिटिश शिपाई एकत्र आले आणि ती सवय घेऊन घरी गेले. १८८३ साली परकीय भांडवलाच्या ‘रेझी’ कंपनीला ऑटोमन तंबाखूचा मक्ता मिळाला. साम्राज्याच्या कर्जाची वसुली त्यातून होणार होती. कारखान्यातली, पेटीतली, एकसारख्या जाडीची सिगारेट त्यानंतर रोजच्या पाहण्यातली वस्तू झाली. मक्ता १९२५ साली प्रजासत्ताकाने आपल्या ताब्यात घेतला.

या बोरेकला सिगारेटचे नाव पडण्याआधी सिगारेट लोकांच्या हातात यायला हवी होती, हे उघड आहे. आकार मात्र नावाच्या मालकीचा नाही. अल्जीरिया १८३०पर्यंत ऑटोमन छत्राखाली होता आणि तिथला ‘बुरेक’ही पातळ पापुद्र्याची लांब वळकटीच असतो, त्यात खिमा आणि अंडे असते आणि रमजानात तो सुपाबरोबर येतो. सिगारेटशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही.

घरच्या स्वयंपाकघरात ही वळकटी इतकी का रुजली याची कारणे बरीच व्यवहारी आहेत. पहिले कारण भट्टीचे. ताटातला बोरेक करायचा तर ओव्हन हवा किंवा फिरिनवर खेप घालायला हवी. वळकटीला एक पसरट तवा आणि आच पुरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यांतून लाखो माणसे इस्तंबुल, अंकारा, इझ्मिरला आली आणि लहान घरांत राहू लागली. त्यांच्या स्वयंपाकघरात ओव्हनच्या आधी गॅसची टाकी पोहोचली. दुसरे कारण तेलाचे. जुन्या ऑटोमन स्वयंपाकात लोणकढे तूप आणि मेंढीच्या शेपटीची चरबी यांचा मान होता, आणि भरपूर तुपात तळणे ही चैनच. बल्गेरियाहून आणि रोमानियाहून आलेल्या स्थलांतरितांबरोबर सूर्यफूल थ्रेसच्या शेतांत आले आणि गेल्या शतकात सूर्यफुलाचे तेल हे तुर्की घरातले नेहमीचे तळणीचे तेल बनले. स्वस्त आणि वासरहित तेलाशिवाय रोजची तळण शक्यच नव्हती.

तिसरे कारण चहा, आणि खरे तर हेच सर्वांत मोठे. तुर्कांचे चहापान फार जुने असेल असे वाटते, पण ते तसे नाही. पहिल्या महायुद्धात कॉफी पिकवणारे येमेन हातचे गेले आणि कॉफी महाग झाली. काळ्या समुद्राकाठच्या रिझे प्रांतात चहा लावण्याचा कायदा १९२४ साली झाला, पहिला चहाचा कारखाना १९४७ साली निघाला. त्यानंतर चहा इतका स्वस्त आणि मुबलक झाला की पाहुणचाराचा अर्थच चहा असा झाला. शहरी मध्यमवर्गात स्त्रियांचे ‘भेटीचे दिवस’ ऑटोमन काळाच्या अखेरीस सुरू झालेले होते : महिन्यातला ठरावीक वार एका घराचा, त्या दिवशी मैत्रिणी आणि शेजारणी तिथे जमणार. पुढे त्याला नुसते ‘ग्युन’, म्हणजे ‘दिवस’, म्हणू लागले आणि त्यात सोन्याच्या नाण्यांची भिशी आली. महागाईच्या दशकांत नोटेपेक्षा सोने भरवशाचे होते, म्हणून प्रत्येक सदस्या यजमानिणीला एक छोटे नाणे देते आणि पाळी फिरत राहते. यजमानीण वर्षातून एकदा सोने घेते, त्यामुळे त्या दिवशीच्या बशीत कसर करून चालत नाही. बुलगुर गव्हाची ‘किसिर’ नावाची कोशिंबीर, ‘पोआचा’ नावाचे भरलेले लहान पाव, एखादा केक आणि सिगारा बोरेयी, हा या बशीचा जवळजवळ ठरलेला संच. हाताने उचलता येते, काटा-सुरी लागत नाही, सकाळी वळून ठेवता येते आणि पाहुण्या आल्यावर तळता येते. वीस जणींच्या बैठकीला हे गुण फार महत्त्वाचे. वळकट्या किती सारख्या आणि किती बारीक, यावरून यजमानिणीचा हात जोखला जातो. जाड, पोट फुटलेल्या वळकट्या कोणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहतात.

सारणातले चीज म्हणजे ‘बेयाज पेय्निर’, शब्दशः पांढरे चीज. मेंढी, शेळी किंवा गाईचे दूध रेनेट नावाच्या विकराने विरजून, दही कापून, दाबून त्याचे ठोकळे करतात आणि मिठाच्या पाण्यात मुरवतात. एदिर्ने आणि चानाक्कालेजवळचे एझिने ही त्याची नावाजलेली ठाणी. एझिनेचे चीज तिन्ही दुधांच्या मिश्रणाचे असते आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. घाऊक बाजारात हे चीज सतरा-अठरा किलोच्या पत्र्याच्या डब्यांत भरून येते. मुरताना तयार झालेल्या आंबटपणामुळे ते गरम झाल्यावर वितळून तारा सोडत नाही, फक्त मऊ होते. वळकटीच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे, कारण वितळणारे चीज कुठल्याही फटीतून तेलात धावते. काटकसरीच्या घरात त्यात निवळीपासून काढलेले मऊ ‘लोर’ मिसळतात; मग सारण वाढते आणि खारटपणाही बेताचा राहतो.

घरी करताना सगळी काळजी ओलाव्याची घ्यायची असते. चीज फार खारट असेल तर ते थोडा वेळ पाण्यात ठेवतात, पण मग ते नीट पिळून कोरडे करावे लागते. पार्स्ली धुऊन पूर्ण वाळवून, देठ काढून बारीक चिरतात. तीन युफ्क्यांना पाव किलो ते तीनशे ग्रॅम चीज आणि मूठभर पार्स्ली पुरते. सारण सुटे राहत असेल तर त्यात अंड्याचा पिवळा बलक घालतात, पांढरे टोक चिकटवायला ठेवतात. मिरपूड घालावी की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत. चीज चांगले असेल तर तिची गरज नाही. युफ्के एकावर एक रचून आधी चार भाग, मग प्रत्येकाचे पुन्हा तीन किंवा चार असे कापले की एका गोल युफ्क्याचे बारा किंवा सोळा लांबट त्रिकोण होतात. कापलेले त्रिकोण ओलसर कापडाखाली झाकून ठेवावे लागतात. उघड्यावर त्यांच्या कडा पंधरा मिनिटांत कडक होऊन वळताना मोडतात.

त्रिकोणाच्या रुंद कडेपासून बोटभर आत सारणाची बारीक रेघ ठेवतात, दोन्ही बाजू तिच्यावर दुमडतात आणि टोकाकडे गुंडाळत नेतात. घडी घट्ट हवी, पण आवळलेली नको : ढिली राहिली तर आत तेल शिरते, फार आवळली तर वाफेला जागा न मिळून मधोमध फुटते. टोक पाण्याने किंवा अंड्याच्या पांढऱ्याने ओले करून चिकटवतात आणि वळकट्या टोक खाली येईल अशा ठेवतात. तेल मध्यम तापलेले, साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस असावे लागते. युफ्का आधीच शेकलेला असल्याने तो झटपट रंग धरतो. दोन-तीन मिनिटे फिरवत तळल्या की झाल्या. बक्लाव्याचा ‘फिलो’ हा पापुद्रा इथे चालत नाही. तो कच्चा आणि फारच पातळ असतो, प्रत्येक थराला लोणी लावावे लागते, आणि तळल्यावर चावताना त्याचा चुरा होतो. युफ्क्याची वळकटी बाहेरून कुरकुरीत पण आतल्या वेढ्यांत किंचित चिवट राहते. चांगल्या सिगारा बोरेयीची खरी खूण हीच आहे; नुसता कुरकुरीतपणा तर कुठलीही तळण देते. वळून ठेवलेल्या कच्च्या वळकट्या सुट्या पसरून गोठवतात आणि लागतील तशा, न वितळवता, थेट तेलात सोडतात. रमजानच्या आधीच्या आठवड्यात अनेक घरांत अशी शंभर-दीडशे वळकट्यांची बेगमी होते.

बोरेकचे कूळ साम्राज्याबरोबर फिरले. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू इस्तंबुल, सलोनिका आणि पुढे इझ्मिर इथे वसले. त्यांनी आपल्या एंपानाडा या सारण भरून दुमडलेल्या स्पॅनिश पदार्थाच्या घडीला तुर्की नाव देऊन ‘बोरेकास’ केला आणि शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, सकाळी, मंद आचेवर रात्रभर शिजवलेल्या अंड्यांबरोबर तो वाढण्याचा रिवाज पाडला. १९४८नंतर बल्गेरिया-तुर्कस्तानातून इस्रायलला गेलेल्या ज्यूंनी त्याचाच रस्त्यावरचा खाऊ बनवला. बोस्नियात फक्त खिम्याच्या पदार्थाला बुरेक म्हणायचे, चीजवाल्याला ‘सिर्निचा’. यावर तिथली माणसे तावातावाने भांडतात. तिथे साजचा ‘साच’ झाला आणि तो तवाही राहिलेला नाही : ते निखारे रचायचे घुमटाकार झाकण आहे. पूर्वेकडे या घडीची भावंडे भारतापर्यंत आली. अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांत ‘कुताब’ आहे आणि हिंदचे लोक त्याला संबुसा म्हणतात अशी नोंद आहे. अझरबैजानमध्ये कुताब आजही होतो, पातळ पोळीत सारण भरून, अर्धगोल दुमडून, साजवर भाजून.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला आणि बोरेक बर्लिन, कोलोनला गेला. तिथे गल्लीत युफ्काजी नव्हता, म्हणून पाकिटबंद युफ्का आला. याच मालात पुढे त्रिकोण कापूनच मिळू लागले, म्हणजे कापण्याचे कामही घराबाहेर गेले. तुर्कस्तानातही यंत्राचा युफ्का दुकानोदुकानी पोहोचला, आणि तयार गोठवलेल्या वळकट्याही. जुन्या मोहल्ल्यांतले साजवाले युफ्काजी कमी झाले. जे टिकले त्यांच्यापुढे रमजानात आणि सणांच्या आदल्या दिवशी अजून रांगा लागतात. दरम्यान पदार्थाच्या नावावरही प्रश्न उठला. तुर्कस्तानात बंद जागेतली धूम्रपानबंदी १९ जुलै २००९पासून उपाहारगृहांनाही लागू झाली. मुलांच्या पदार्थाला सिगारेटचे नाव कशाला, असा आक्षेप तंबाखूविरोधी मंडळी घेत आली आहेत. अनेक पाकिटांवर आणि पदार्थांच्या यादीत आता ‘कलेम बोरेयी’, म्हणजे लेखणीचा बोरेक, असे लिहिलेले असते. घरात मात्र बहुतेक जण जुन्याच नावाने हाक मारतात.

मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत आणि लग्नांत ‘चीज सिगार रोल’ म्हणून जे येते, ते मैद्याच्या स्प्रिंग रोलच्या पट्टीचे असते. त्यात बहुधा प्रोसेस्ड चीज आणि हिरवी मिरची असते आणि चावल्यावर तार निघणे हाच त्याचा गुण मानतात. तुर्की चवीच्या जवळ जायचे तर रमजानात मोहम्मद अली रोडच्या परिसरात मिळणारी, अर्धवट शेकलेली समोशाची पट्टी युफ्क्याच्या जागी बरी चालते. ती तशीच तव्यावर शेकून सोडवलेली असते. चीजच्या जागी ‘फेटा’ हे खारवलेले चीज घ्यावे. पनीर घ्यायचे झाल्यास ते कुस्करून, मीठ आणि थोडे बांधलेले आंबट दही मिसळून, कपड्यात घट्ट दाबून ठेवावे लागते, कारण पनीरला स्वतःचा ना खारटपणा, ना आंबटपणा.